पोच आणि परिणाम: औषधसुरक्षेच्या इशाऱ्यांचे मोजमाप

नवे औषध बाजारात येते तेव्हा त्याच्याविषयीचे ज्ञान अपुरेच असते, कारण परवानगीपूर्वीच्या चाचण्या फार तर काही हजार रुग्णांवर, ठरावीक वयोगटात आणि मर्यादित काळ होतात, आणि दहा-वीस हजारांतून एखाद्यालाच होणारा दुष्परिणाम त्यांत सहसा दिसत नाही. तो दिसतो ते औषध लाखो लोकांनी घेतल्यावर. आणि एकदा दिसला की त्या औषधाची चिठ्ठी लिहिणाऱ्या, ते दुकानातून देणाऱ्या आणि टोचणाऱ्या सर्वांना तो वेळेत कळवावा लागतो. नियामक संस्थेने काढलेला इशारा, उत्पादक कंपनीने डॉक्टरांना पाठवलेले पत्र, वेष्टनातील माहितीपत्रकात वाढवलेली एखादी ओळ, विशिष्ट बॅचची विक्री थांबवण्याचा आदेश ही या कळवण्याची नेहमीची रूपे असून त्यांना एकत्रितपणे औषधसुरक्षा-संदेश म्हणता येते. असे संदेश काढण्याची व्यवस्था आज बहुतेक देशांत आहे. संदेश ज्याच्यासाठी काढला त्याच्यापर्यंत तो गेला का, त्याला तो समजला का आणि त्याच्या चिठ्ठीत काही बदलले का, हे तपासण्याची व्यवस्था मात्र त्या मानाने फारच दुबळी आहे. मंडणगडापासून राजापूरपर्यंत नऊ तालुक्यांत पसरलेला, २०११ च्या जनगणनेनुसार १६ लाख १५ हजार लोकवस्तीचा, डोंगर आणि खाड्यांनी तुकड्यातुकड्यांत विभागलेला रत्नागिरी जिल्हा डोळ्यांसमोर ठेवला, तर हे मोजमाप का अवघड आहे आणि तरीही ते कसे करता येईल, हे बरेच स्पष्ट होते.

भारतात औषधांच्या दुष्परिणामांवर देखरेख ठेवण्याच्या कामात महाराष्ट्राचा सहभाग जुना आहे. २००४-०५ च्या सुमारास राष्ट्रीय पातळीवर हे काम सुरू झाले, तेव्हा देशात नेमलेल्या दोन विभागीय केंद्रांपैकी एक मुंबईच्या केईएम रुग्णालयात होते. तो प्रयत्न मंदावल्यावर जुलै २०१० मध्ये सध्याचा औषधदक्षता कार्यक्रम २२ देखरेख केंद्रांसह सुरू झाला आणि एप्रिल २०११ मध्ये त्याचे मुख्यालय दिल्लीच्या एम्समधून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे गेले. ही केंद्रे प्रामुख्याने वैद्यकीय महाविद्यालयांत आणि मोठ्या रुग्णालयांत आहेत. डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते आणि स्वतः रुग्णही संशयित दुष्परिणामाचा अर्ज भरून पाठवू शकतात. रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर तोंडी माहितीही देता येते. हे अर्ज एकत्र करून त्यांतून काही नवे निष्पन्न झाले की आयोग इशारा काढतो. म्हणजे माहिती गावाकडून गाझियाबादला जाते आणि शहाणपण गाझियाबादहून गावाकडे येते, अशी ही रचना आहे. तिच्यातील वर जाणारा प्रवाह अर्जांच्या संख्येने सहज मोजता येतो. खाली येणाऱ्या प्रवाहासाठी मात्र इतके सोयीचे माप हाताशी नाही.

एका इशाऱ्याचा माग घेतला म्हणजे अडचण नेमकी कुठे आहे ते कळते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी आयोगाने मेफेनॅमिक ॲसिड या वेदनाशामकाविषयी इशारा काढला. मासिक पाळीतील पोटदुखी, दातदुखी, सांधेदुखी आणि मुलांचा ताप यांसाठी हे औषध घरोघरी वापरले जाते. त्याने क्वचित ‘ड्रेस’ नावाची गंभीर प्रतिक्रिया होऊ शकते: अंगावर पुरळ, ताप, सुजलेल्या लसिकाग्रंथी, रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशींची वाढ आणि त्यासोबत यकृत किंवा मूत्रपिंडासारख्या अवयवाला इजा. डॉक्टरांना या प्रतिक्रियेचा चकवा बसतो तो तिच्या वेळेमुळे. ती साधारणपणे औषध सुरू केल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांनी प्रकट होते. तोवर गोळी संपलेली असते, रुग्ण तिचे नाव विसरलेला असतो, आणि पुरळ व ताप पाहून डॉक्टरांच्या मनात गोवर, डेंगी किंवा साधी ॲलर्जी येते. त्यामुळे या इशाऱ्याचा उपयोग व्हायचा असेल तर लांज्याच्या किंवा गुहागरच्या डॉक्टरने तो नुसता वाचून भागत नाही. पुढे कित्येक महिन्यांनी असा रुग्ण समोर आल्यावर ‘गेल्या दोन महिन्यांत कोणती दुखीची गोळी घेतली होती?’ हा प्रश्न त्याच्या तोंडून निघावा लागतो. इशारा संकेतस्थळावर आला, वृत्तपत्रांत त्याची बातमी झाली, डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप गटांवर तो फिरला, यांपैकी कशावरूनही तो प्रश्न विचारला जाईल की नाही हे सांगता येत नाही.

मोजमापाची पहिली अडचण मात्र याहून प्राथमिक आहे, आणि ती म्हणजे कोणाकोणापर्यंत पोहोचायचे होते याची एक यादी नसणे. ‘इतक्यांपैकी इतक्यांना कळले’ असे म्हणायचे तर आधी ‘इतक्यांपैकी’ हा आकडा लागतो. गणितात त्याला छेद म्हणतात. एमबीबीएस आणि त्यावरील पदवीधरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, आयुर्वेद पदवीधरांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, होमिओपॅथीच्या डॉक्टरांची त्यांच्या स्वतंत्र परिषदेकडे आणि औषधनिर्मात्यांची राज्य फार्मसी परिषदेकडे. कोकणातल्या वाड्यावस्त्यांवर तापाचा पहिला रुग्ण पाहणारा डॉक्टर पुष्कळदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो आणि राज्याच्या नियमांनुसार, त्याच्या शिक्षणाच्या व अभ्यासक्रमाच्या अटींवर, तो ॲलोपॅथीची औषधेही देतो. त्यामुळे केवळ मेडिकल कौन्सिलच्या यादीवर पत्रे पाठवली तर ज्या हातांतून गोळ्या सर्वाधिक जातात तेच हात सुटण्याचा धोका असतो. शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधनिर्माण अधिकारी, उपकेंद्रातील आरोग्यसेविका आणि गोळ्यांची पाकिटे घरोघर पोहोचवणाऱ्या आशा या कोणत्याही डॉक्टर-यादीत नसतात. छेद लहान धरला की टक्केवारी आपोआप चांगली दिसते, म्हणून पोचीचा कोणताही आकडा वाचताना तो कशाने भागला आहे हे आधी पाहिले पाहिजे.

दुसरी अडचण सरकारी कामकाजाच्या सवयीत आहे. गाझियाबाद किंवा मुंबईहून निघालेले परिपत्रक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे येते, तिथून तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रात. प्रत्येक टप्प्यावर आवक-जावक नोंदवहीत त्याला क्रमांक पडतो आणि पोच परत जाते. ही नोंद निरुपयोगी नाही, कारण परिपत्रक कुठल्या टप्प्यावर किती दिवस थांबले हे तिच्यातून अचूक कळते आणि हा विलंब हे स्वतःच एक महत्त्वाचे माप आहे. पण पोच लिपिकाची असते. बाह्यरुग्ण विभागात रांग लावून बसलेले रुग्ण तपासणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याने ते उघडून वाचले का, हे नोंदवहीला ठाऊक नसते.

वाचण्याने वागणे बदलतेच असेही नाही, याचा ठोस पुरावा अमेरिकेतील सिसाप्राइडच्या प्रकरणात मिळतो. आम्लपित्तावरील हे औषध काही प्रतिजैविके आणि बुरशीविरोधी औषधांसोबत, तसेच विशिष्ट हृदयविकारांत दिल्यास हृदयाची लय धोकादायक रीतीने बिघडते, असे दिसून आल्यावर जून १९९८ मध्ये तिथल्या नियामकाने माहितीपत्रकातील इशारा ठळक केला आणि डॉक्टरांना पत्रे गेली. त्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षातील नोंदी तीन ठिकाणी ताडून पाहिल्या गेल्या. इशाऱ्यापूर्वी औषध घेणाऱ्यांपैकी अनुक्रमे २६, ६० आणि २८ टक्के रुग्णांना ते द्यायलाच नको होते. इशाऱ्यानंतरच्या वर्षात हे प्रमाण प्रत्येक ठिकाणी जेमतेम दोन-तीन टक्क्यांनी खाली आले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास संदेशाच्या मोजमापाचा एक मापदंड ठरला, कारण त्याने किती पत्रे गेली हे मोजले नाही, पत्रे गेल्यावर चिठ्ठ्यांचे काय झाले हे मोजले. भारतात सिसाप्राइडवर २०११ मध्ये बंदी आली.

ज्ञान मोजण्याचे सर्वांत प्रचलित साधन म्हणजे प्रश्नावली, आणि ते साधन वाटते तितके सरळ नाही. ‘अमुक इशारा तुम्हाला माहीत आहे का?’ असे विचारले की ‘नाही’ म्हणणे व्यावसायिक माणसाला संकोचाचे वाटते; म्हणून चांगल्या प्रश्नावलीत प्रत्यक्षात कधीही न निघालेल्या एखाद्या इशाऱ्याचाही उल्लेख पेरलेला असतो, आणि तोही माहीत असल्याचे जितके जण सांगतात तितकी सूट बाकीच्या उत्तरांना द्यावी लागते. त्याहून उत्तम म्हणजे रुग्णाची हकिगत समोर ठेवून पुढे काय कराल असे विचारणे. दुसरा दोष उत्तर न देणाऱ्यांचा आहे. ई-मेलने पाठवलेली प्रश्नावली भरून देणारा डॉक्टर बहुधा ई-मेल वाचणाराच असतो, आणि ई-मेल वाचणाऱ्याकडे इशारा पोहोचल्याचे आढळले तर त्यात नवल नाही. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात हे टाळायचे तर प्रत्येक तालुक्यातून दवाखाने आणि औषधदुकाने चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि तिथे प्रत्यक्ष जावे. वेळ लागेल, पण कमी ठिकाणांहून मिळालेले खरे उत्तर अनेक ठिकाणांहून मिळालेल्या सोयीच्या उत्तरापेक्षा मोलाचे असते.

वागणे मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये औषधवापराच्या पाहणीची जी पद्धत सुचवली, ती आजही जिल्ह्याच्या आवाक्यातली आहे: किमान २० आरोग्य केंद्रे आणि प्रत्येकातील ३० रुग्णभेटी, म्हणजे सुमारे ६०० चिठ्ठ्या. नऊ तालुक्यांतून प्रत्येकी दोन आणि आणखी दोन केंद्रे घेतली की रत्नागिरीत ही संख्या पुरी होते. शोधायची गोष्ट मात्र नेमकी ठरवावी लागते. उदाहरणार्थ, यकृताला होणाऱ्या इजेमुळे निमेसुलाइड हे तापाचे औषध २०११ पासून १२ वर्षांखालील मुलांना देण्यास मनाई आहे. तेव्हा १२ वर्षांखालील रुग्णांच्या चिठ्ठ्यांत ते नाव किती वेळा येते हा एकच आकडा दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा संदेश आज किती जिवंत आहे हे सांगेल. सरकारी केंद्रांत औषधसाठ्याची नोंद ई-औषधी या संगणकप्रणालीत होते आणि तिच्यातून एखाद्या औषधाची महिनावार उचल इशाऱ्याआधी आणि नंतर कशी बदलली हे घरबसल्या काढता येते. इशाऱ्याआधीचा कल पुढे वाढवून ओढलेली रेषा आणि नंतरची प्रत्यक्ष रेषा यांतील अंतर म्हणजे इशाऱ्याचा परिणाम, असे या पद्धतीचे सूत्र आहे. फक्त त्याच सुमारास साठा संपला होता का, किंवा पावसाळी तापाची साथ आली होती का, हे तपासून मगच निष्कर्ष काढावा.

कोकणाने स्वतः घडवलेले एक उदाहरण या सगळ्या चर्चेत विशेष लक्ष देण्याजोगे आहे. लाल विंचवाचा दंश हा इथल्या जांभ्याच्या गडग्यांतून, लाकूडफाट्यातून आणि शेतातून होणारा जुना उपद्रव. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी विषाचा हृदयावर होणारा परिणाम बारकाईने नोंदवून १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला, आणि १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसीन या रक्तदाबाच्या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग सांगितला. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात आणि शेवटी फुप्फुसांत पाणी साचून रुग्ण दगावतो. प्राझोसीन त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करते. पण या उपचाराबरोबर एक सुरक्षेचा संदेशही होता आणि तो अधिक अवघड होता, कारण त्यात डॉक्टरांना हातची सवय सोडायला सांगितले होते. विंचू चावलेल्या रुग्णाला दरदरून घाम सुटतो, तोंडाला लाळ सुटते, आणि ते थांबवण्यासाठी ॲट्रोपीन टोचण्याचा मोह होतो. ॲट्रोपीनने लाळ थांबते, पण आधीच धावणारे हृदय आणखी धावू लागते. प्राझोसीनलाही स्वतःचा धोका आहे. पहिल्या मात्रेनंतर रुग्णाला उभे केले तर रक्तदाब एकाएकी कोसळतो, म्हणून गोळी दिल्यावर मुलाला आडवे ठेवायचे आणि आईने त्याला कडेवर उचलून घ्यायचे नाही, इतकी बारीक सूचना त्या संदेशाचा भाग होती. अशी सूचना कोणत्याही परिपत्रकात एका ओळीत मावते, पण ती पाळली जाते ती खाटेजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेला ठाऊक असेल तरच.

हा संदेश पसरला तो बावसकर दांपत्याच्या लेखनातून आणि कोकणातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांशी झालेल्या प्रत्यक्ष संवादांतून, आणि त्याचे मोजमापही सर्वांत कठोर मापाने झाले. प्राझोसीनपूर्व काळात गंभीर दंशाच्या रुग्णांत ३० टक्के किंवा त्याहून अधिक असलेला मृत्युदर पुढे एक-दोन टक्क्यांच्या आसपास आला. इतका स्वच्छ परिणाम मिळण्याची कारणे समजून घेतली पाहिजेत: दंशाची वेळ माहीत असते, निदान डोळ्यांनी होते, परिणाम काही तासांत दिसतो आणि रुग्ण त्याच केंद्रात असतो. मेफेनॅमिक ॲसिडच्या इशाऱ्याला यांतली एकही सोय नाही, आणि म्हणून दोन्हींना एकच फूटपट्टी लावणे अन्यायाचे होईल. याच प्रकरणाचा पुढचा अध्यायही बोलका आहे. महाडला ७० रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या चाचणीत, नुसत्या प्राझोसीनने दहा तासांत ३५ पैकी ८ रुग्ण पूर्ण बरे झाले, तर सोबत विंचवाचे प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२. म्हणजे जुना संदेश नीट पोहोचलेल्या डॉक्टरलाही नव्या संदेशाची गरज होती. मोजणाऱ्याने ‘माहिती आहे का’ एवढेच विचारले तर जुनेच ज्ञान नव्याच्या खात्यात जमा होते. कोणत्या सालची माहिती आहे, हे विचारावे लागते.

काही संदेशांचे आयुष्य वर्षांत मोजता येत नाही, तासांत मोजावे लागते. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊन २० हून अधिक मुले दगावली. त्यांपैकी अनेकांवर उपचार नागपुरात झाले होते. तमिळनाडूत बनलेल्या कोल्ड्रिफ या औषधाच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विषारी द्रव्य ४८.६ टक्के आढळले, जिथे ०.१ टक्क्याहून जास्त असता कामा नये. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ५ ऑक्टोबर रोजी ही बॅच वापरू नये, असेल तर तत्काळ कळवावे असे जाहीर केले आणि त्यासाठी निःशुल्क क्रमांकही दिला. महाराष्ट्राला हे विष अनोळखी नव्हते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्याच द्रव्याने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनाच्या कारभाराची झाडाझडती घेतली होती. अशा वेळी संदेश आधी कळणे, मग पटणे आणि शेवटी सवय बदलणे अशा पायऱ्यांना अर्थ उरत नाही; आदेश निघाल्यापासून दापोलीच्या किंवा देवरुखच्या दुकानदाराने फळीवरच्या बाटल्यांचे बॅच क्रमांक तपासेपर्यंत किती तास गेले, आणि जी बाटली आधीच घरात गेली होती तिच्यापर्यंत कोण पोहोचले, एवढीच दोन मापे उरतात. त्यातले दुसरे माप फार क्वचित घेतले जाते, कारण किरकोळ विक्रीचे बिल न घेण्याची आणि न देण्याची सवय दोन्ही बाजूंना आहे.

संदेश गरजेपेक्षा जास्त पोहोचणे हाही मोजण्याचा विषय आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका अधिक असल्याचे जाहीर झाले. डॉक्टरांच्या हाती पत्र पडण्याआधी बातमी घराघरांत गेली, अनेक स्त्रियांनी गोळ्या एकदम बंद केल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपातांची संख्या वाढली. कोकणात याचे भय डॉक्सिसायक्लिनबाबत बाळगावे लागेल. भातलावणीच्या दिवसांत चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसपासून वाचवण्यासाठी हे औषध आठवड्यातून एकदा दिले जाते. ते पुरेशा पाण्यासोबत घ्यावे व लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते, आणि गर्भवतींना ते देऊ नये, हा सुरक्षेचा संदेश आशांपर्यंत गेलाच पाहिजे. पण तो ‘गोळी घातक आहे’ असा होऊन वाडीत पोहोचला तर जीव वाचवणारी गोळीच नाकारली जाईल. म्हणून अशा संदेशानंतर गर्भवतींना गोळी देणे थांबले का, हे पाहतानाच बाकीच्या शेतकऱ्यांनी ती घेणे सुरू ठेवले का, हेही त्याच पाहणीत मोजावे लागते.

मोजमाप केव्हा करावे, हा शेवटचा आणि रत्नागिरीत कळीचा प्रश्न आहे. इशाऱ्यानंतर महिनाभरात घेतलेली पाहणी ताजी आठवण मोजते. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील कितीतरी वैद्यकीय अधिकारी एमबीबीएसनंतरच्या एक वर्षाच्या बंधपत्रित सेवेवर आलेले असतात आणि मुदत संपली की उच्च शिक्षणासाठी निघून जातात. ज्याने इशारा वाचला तो गेलेला असतो आणि जो आला त्याला तो कधी निघाला हेच माहीत नसते. सावर्डे येथे २०१५ पासून वालावलकर रुग्णालयाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०२३ पासून रत्नागिरीत शासकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथल्या औषधशास्त्र विभागांनी दरवर्षी, बंधपत्रित डॉक्टरांची नवी तुकडी रुजू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी, त्याच वीस केंद्रांत तीच सहाशे चिठ्ठ्यांची पाहणी केली तर संदेश माणसासोबत निघून जातो की केंद्रात टिकतो याचा छडा लागेल. केंद्रात टिकवण्याचे साधन फार खर्चिक नाही: गेल्या पाच वर्षांतील इशाऱ्यांची एक फाइल मराठीत गोषवाऱ्यासह औषधनिर्माण अधिकाऱ्याच्या ताब्यात असावी आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने कार्यभार देताना-घेताना साठा नोंदवहीबरोबर तिच्यावरही सही व्हावी. ही सही झालेल्या आणि न झालेल्या केंद्रांतील चिठ्ठ्या वर्षभरानंतर शेजारी ठेवल्या, तर फाइलचा उपयोग होतो की नाही तेही आकड्यांत दिसेल.